नाताळात आणलेला पॉइनसेटिया पुढच्या वर्षी लाल का होत नाही?

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांच्या दारात लाल कुंड्या मांडल्या जातात. झाड जेमतेम दीड वीत उंच, खाली गर्द हिरवी पानं आणि वर ताटलीएवढी लालभडक फुलं. नाताळचं झाड म्हणून लोक हौसेने घरी नेतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत लाली झडते, उन्हाळ्यात नुसत्या काड्या उरतात, पावसाळ्यात झाड पुन्हा तरारतं. आणि पुढच्या डिसेंबरात? कमरेएवढी वाढलेली एक किडकिडीत हिरवी काठी. लाल पान औषधालाही सापडत नाही. ‘काहीतरी मारून विकतात हो हे लोक’, असं म्हणत माणूस नवी कुंडी आणायला निघतो.

हा संशय अगदीच खोटा नाही, त्याकडे येऊच. पण हेच झाड एखाद्या जुन्या बंगल्याच्या कुंपणाशी किंवा शाळेच्या आवारात पुरुष-दीड पुरुष उंच वाढतं आणि कुणी फारसं लक्ष न देताही दर हिवाळ्यात लाल होतं. जात एकच, युफोर्बिया पुल्चेरिमा. मग कुंडीतल्यालाच काय होतं? याचं निम्मं उत्तर झाडाच्या मूळ गावी आहे आणि निम्मं कॅलिफोर्नियात.

आधी त्या लाल फुलांचं बघू. ती फुलं नाहीत, पानंच आहेत. फुलोऱ्याच्या लगत येणाऱ्या अशा पानांना वनस्पतिशास्त्रात छद म्हणतात. बोगनवेलीचा जो गुलाबी-जांभळा भाग आपण फूल समजतो, तेही छदच. पॉइनसेटियात ही पानं आधी हिरवी किंवा हिरवट असतात. वेळ आली की त्यांच्यातलं हरितद्रव्य कमी होतं आणि अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य साठू लागतं. जांभळाचा आणि लाल कोबीचा रंगही याच कुटुंबातल्या रंगद्रव्यांचा. पॉइनसेटियाच्या पांढऱ्या-पिवळसर वाणांत ते जवळपास नसतंच, गुलाबी वाणांत कमी असतं. निळी, चमकी लावलेली कुंडी दिसली तर ती सरळ फवाऱ्याने रंगवलेली असते. निळा पॉइनसेटिया निसर्गात नाही.

खरी फुलं पाहायची तर लाल पानांच्या मधोमध बघा. तिथे हिरवट-पिवळ्या, वाटाण्याहून लहान अशा गाठींचा झुबका असतो. त्यातली प्रत्येक गाठ म्हणजे एक छोटा चषक. आत मधोमध एक मादी फूल, भोवती बरीच नर फुलं, आणि नर फूल म्हणजे काय तर फक्त एक पुंकेसर. पाकळ्या नाहीत, निदलं नाहीत. चषकाच्या काठावर ओठासारखी एक पिवळी ग्रंथी असते, तिच्यातून मध पाझरतो. एवढ्याशा फुलाकडे कोण फिरकणार? म्हणून जाहिरातीचं काम पानांनी अंगावर घेतलंय. कुंडी विकत घेताना या माहितीचा रोकडा उपयोग होतो. मधल्या गाठी घट्ट, ताज्या दिसत असतील तर झाड बरेच आठवडे टिकेल. गाठी गळून गेल्या असतील किंवा त्यांवर परागाची भुकटी दिसत असेल तर लाली आता उतरणीला लागली आहे, मग दुकानदार काहीही सांगो.

हा चषक म्हणजे या सगळ्या घराण्याची खूण. युफोर्बिया प्रजातीत सुमारे दोन हजार जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच आपल्या रोजच्या ओळखीच्या आहेत. शेताच्या बांधावरचा शेर, निवडुंग म्हणून ओळखला जाणारा काटेरी तीनधारी, फुटपाथच्या फटीत उगवणारी दुधी, सगळी एकाच प्रजातीतली भावंडं. कुळ एरंडाचं, म्हणजे एरंड, मोगली एरंड, रबर आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा हे चुलत घरातले. यातल्या बहुतेकांचं पान तोडलं की चीक येतो, तसा तो पॉइनसेटियालाही येतो. या चिकाने या झाडाची बरीच बदनामी केली आहे, ते नंतर.

झाड मूळचं मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूच्या डोंगरउतारांवरचं, खाली ग्वाटेमालापर्यंत पसरलेलं. तिथली जंगलं पानझडी. जून ते ऑक्टोबर पाऊस, मग कोरडा हिवाळा आणि त्याहून कोरडा उन्हाळा. ऐकल्यासारखं वाटतंय ना? सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या माणसाला हे वेळापत्रक कुणी समजावून सांगायला नको. रानातला पॉइनसेटिया कुंडीतल्यासारखा गुबगुबीत नसतो. तो उंच, विरळ फांद्यांचा, दऱ्यांच्या कडेने वाढणारा असतो आणि त्याची लाल पानं अरुंद, सुटीसुटी असतात. बाजारातल्या वाणांची आनुवंशिक तुलना रानटी झाडांशी केली तेव्हा त्यांचं नातं गेरेरो राज्याच्या उत्तर भागाशी जुळलं. त्याच भागात तास्को हे चांदीच्या खाणींचं गाव आहे.

आता नकाशावर बोट ठेवा. तास्को साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. पुणेही साडेअठरावरच. दोन्हीकडचा दिवस आणि रात्र वर्षभर जवळजवळ मिनिटाला मिनिट सारखी. तास्को उंचावर आहे, आपल्या महाबळेश्वरहूनही उंच, म्हणून तिथली हवा पुण्यापेक्षा थंड. पण रात्रीची लांबी उंचीवर ठरत नाही, अक्षांशावर ठरते. पुण्यातल्या कुंपणावरचा पॉइनसेटिया कुणी न सांगता वेळेवर लाल होतो त्यात नवल नाही. त्याला पाऊसही ओळखीचा मिळाला आहे आणि रात्रही घरचीच मिळाली आहे.

मेक्सिकोत या झाडाला स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून मान होता. नाहुआत्ल भाषेत त्याला क्वेत्लाशोचित्ल म्हणत. लाल पानांपासून रंग काढत, चीक औषधात वापरत. नाताळशी त्याचं नातं जुळलं ते सतराव्या शतकात. तास्को भागातल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी येशूजन्माच्या मिरवणुकीत आणि देखाव्यात ही लाल पानं वापरायला सुरुवात केली. कारण सरळ होतं. ऐन डिसेंबरात डोंगर या झाडांनी लाल झालेले असत, त्याहून स्वस्त आणि शोभिवंत सजावट कुठून आणणार? नंतर त्याला एक लोककथाही चिकटली. गरीब मुलीकडे बाळ येशूला द्यायला काही नव्हतं, तिने वाटेवरचं रानगवत नेलं आणि वेदीसमोर ठेवताच ते लाल फुललं, अशी ती कथा. स्पॅनिश बोलणारा मेक्सिको आजही या झाडाला ‘फ्लोर दे नोचेबुएना’, नाताळच्या आदल्या रात्रीचं फूल, म्हणतो.

‘पॉइनसेटिया’ हे नाव मात्र अमेरिकेतून आलं, आणि ज्याच्यावरून आलं तो माणूस मेक्सिकोला आवडावा असा नव्हता. जोएल रॉबर्ट्स पॉइनसेट हा साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा. १८२५ मध्ये तो स्वतंत्र मेक्सिकोत अमेरिकेचा पहिला राजदूत म्हणून गेला. झाडापानांचा त्याला खरोखर नाद होता. पण नाद दुसराही होता, दुसऱ्याच्या घरातल्या राजकारणात हात घालायचा. टेक्सास विकत घ्यायची बोलणी, मेक्सिकोतल्या एका गटाला दुसऱ्याविरुद्ध उभं करणं, या उद्योगांना तिथलं सरकार इतकं कावलं की त्याला परत बोलवा अशी मागणीच त्याने केली. त्याच्या नावावरून मेक्सिकोत उद्धट ढवळाढवळीसाठी ‘पॉइनसेतिस्मो’ असा शब्दही रूढ झाला. पुढे १८३७ ते १८४१ या काळात तो अमेरिकेचा युद्धमंत्री होता. चेरोकी या मूळनिवासी लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकावून पश्चिमेला हाकलण्यात आलं ते याच काळात. गुलामही त्याच्या पदरी होते. अमेरिकेत आता काही बागप्रेमी हे नाव टाळून जुनं नाव वापरू लागले आहेत, ते उगाच नाही.

झाड पाठवण्याचं श्रेय मात्र त्याचंच. जून १८२९ मध्ये फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटीचं प्रदर्शन भरलं, त्यात पॉइनसेटने दिलेलं हे लाल छदांचं नवं झाड लोकांनी पाहिलं. तिथून ते स्कॉटलंडला पोचलं. १८३६ मध्ये एडिंबरामध्ये रॉबर्ट ग्रॅहमने त्याला पॉइनसेटिया पुल्चेरिमा असं नाव दिलं. पण त्याआधीच, १८३४ मध्ये, जर्मनीत क्लोट्झ्शने त्याला युफोर्बिया प्रजातीत घालून नाव छापलेलं होतं. शास्त्रीय नावांत जो आधी छापेल त्याचं चालतं, त्यामुळे ग्रॅहमचं नाव शास्त्रातून गेलं आणि बाजारात राहिलं. पॉइनसेट १२ डिसेंबर १८५१ रोजी वारला. अमेरिकेत तो दिवस ‘पॉइनसेटिया दिन’ म्हणून पाळतात.

आता मुद्द्याचं. हे झाड थंडीमुळे लाल होतं असं आपल्याकडे सर्रास समजतात. थंडीचा थोडा हात असतो, पण खरं कारण अंधार आहे.

झाडं दिवसाच्या लांबीवर फुलतात हे १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलर्ड या दोघांनी दाखवलं. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता, तो उन्हाळ्यात नुसता वाढत सुटायचा, फुलायचा नाही. त्यांनी रोपं संध्याकाळ व्हायच्या आधीच अंधाऱ्या खोपटात न्यायला सुरुवात केली आणि भर उन्हाळ्यात तंबाखूला फुलं आली. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी आणखी एक पायरी गाठली. आपण ज्याला लांडगा म्हणतो, कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांचं ते तण, त्याच्यावर त्यांनी प्रयोग केले. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर झाडाला काही फरक पडला नाही. पण लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला की फुलं येणं थांबलं. म्हणजे झाड दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं.

हे मोजमाप सुरू होतं फायटोक्रोम नावाच्या प्रथिनापासून. पानातलं हे प्रथिन दोन रूपांत असतं. लाल प्रकाश पडला की ते जागतं, आणि अंधारात हळूहळू पुन्हा निजतं. त्याच्या जोडीला झाडाचं स्वतःचं आतलं घड्याळ चालू असतं आणि दोघांच्या मेळातून रात्र पुरेशी लांब झाली की नाही हे ठरतं. लग्नघरात पूर्वी मुहूर्तासाठी पाण्यात घटिकापात्र सोडत. भोकातून पाणी शिरून वाटी बुडाली की एक घटिका झाली. ती अर्धी भरलेली असताना कुणी उचलून रिकामी केली तर मोजणी पहिल्यापासून. रात्री अकरा वाजता कुणी दिवा लावला की पॉइनसेटियाचं तेच होतं. बारा तासांच्या अंधाराऐवजी त्याला पाच आणि सात तासांचे दोन तुकडे मिळतात, आणि दोन तुकड्यांची बेरीज त्याला येत नाही.

पॉइनसेटियाला साधारण पावणेबारा-बारा तासांपेक्षा मोठी रात्र लागते. पुण्यात जूनमधली सर्वांत लहान रात्र पावणेअकरा तासांच्या आसपास असते, डिसेंबरमधली सर्वांत मोठी तेरा तासांची. मधली हद्द सप्टेंबरात ओलांडली जाते. तिथून पुढे, रोज रात्री अखंड अंधार मिळाला तर आठ ते दहा आठवड्यांत झाड पुरतं रंगतं. सप्टेंबरअखेर अधिक दहा आठवडे, हिशेब बरोबर डिसेंबरच्या सुरुवातीला येतो. रात्री फार उकडत असेल तर काम रेंगाळतं. थंडीचा हात तो एवढाच. म्हणून ऑक्टोबर हीट लांबलेल्या वर्षी लाली थोडी उशिरा येते, आणि आपल्याला वाटतं की थंडीनेच आणली.

हे एकदा कळलं की कुंडीतल्या झाडाचं निम्मं गूढ उलगडतं. फ्लॅटच्या हॉलमध्ये रात्री साडेअकरापर्यंत ट्यूब जळते. बाल्कनीसमोर महापालिकेचा एलईडी खांब असतो, तो तर पहाटेपर्यंत. मोजणी मोडायला पुस्तक वाचण्याइतका उजेडही लागत नाही, अगदी मंद दिवाही पुरतो. त्याच्या लेखी ऑक्टोबर येतच नाही, कायम जूनच चालू असतो. रस्त्याच्या दिव्याखालचं झुडूप पाहायला मिळालं तर जरूर बघा, दिव्याकडची बाजू हिरवी आणि भिंतीच्या सावलीतली लाल असं अर्धनारीनटेश्वराचं रूप असतं. चांदणं मात्र चालतं. पौर्णिमेचा उजेड इतका क्षीण असतो की या हिशेबात तो अंधारातच जमा.

आपल्याकडे यात आणखी एक खास भर पडते ती आकाशकंदिलाची. गणपतीची रोषणाई निरुपद्रवी, कारण तेव्हा रात्रीची हद्द नुकतीच येत असते. पण दिवाळीचा कंदील नेमक्या मोजणीच्या आठवड्यांत लागतो, बाल्कनीत, कुंडीच्या डोक्यावर, रात्रभर, आणि बऱ्याच घरी तुळशीच्या लग्नापर्यंत. पॉइनसेटियाचा डिसेंबर त्याने जानेवारीत ढकलला जाऊ शकतो. कंदील काढायची गरज नाही, कुंडी हलवा.

शेतकरी हेच शास्त्र उलटसुलट वापरतात. शेवंती पॉइनसेटियासारखीच लांब रात्रीची. फुलं हव्या त्या वेळी यावीत म्हणून मध्यरात्री दिवे लावून तिला थोपवता येतं. ड्रॅगन फ्रूटचं नेमकं उलट, त्याला लहान रात्र हवी. म्हणून आपल्याकडे काही बागायतदार हिवाळ्यात बागेत ओळीने बल्ब लावतात आणि बिगरहंगामी फळ घेतात. रात्री हायवेवरून दिसणारं ते लखलखतं शिवार कसल्या लग्नाचं नसतं.

आता कॅलिफोर्निया. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्बर्ट एक्की नावाचा जर्मन स्थलांतरित लॉस एंजेलिसला स्थिरावला. हॉलिवूडच्या रस्त्याकडेला तो आणि त्याची मुलं पॉइनसेटियाच्या फांद्या कापून विकायची. १९२३ मध्ये कुटुंब सान दिएगोजवळच्या एन्सिनिटासला गेलं आणि तिथे शेतातच मातृवृक्षांची लागवड करून रेल्वेने रोपं पाठवू लागलं. १९६० च्या दशकात शेती काचघरात गेली आणि कोवळी छाटकलमं विमानाने जाऊ लागली. तिसऱ्या पिढीतला पॉल एक्की धाकटा याने एक साधी शक्कल लढवली. डिसेंबरातल्या टीव्ही कार्यक्रमांच्या सेटवर मांडायला तो फुकट कुंड्या पाठवायचा. घरोघरी लोकांनी पडद्यावर नाताळ आणि पॉइनसेटिया एकत्र पाहिले, आणि ‘हे पूर्वापार असंच आहे’ असा सगळ्यांचा समज झाला.

पण एक्कींचं खरं भांडवल वेगळं होतं. रानटी पॉइनसेटिया एकशेंडी वाढतो. शेंडा खुडला तरी दोन-चार फुटवे येतात, त्यातून कुंडी भरत नाही. एक्कींची झाडं मात्र एक शेंडा खुडला की सात-आठ फांद्या फेकायची. वर्षानुवर्षं स्पर्धकांना याचा उलगडा होईना. गुपित असं की एक्की नव्या वाणाचं कलम आधीच फुटवे देणाऱ्या झाडावर बांधत आणि तो गुण नव्या वाणात उतरे. १९९० च्या सुमारास विद्यापीठातल्या संशोधकांनी हे कलमातून उतरतं असं प्रयोगाने दाखवून छापलं, आणि मक्तेदारी ढिली झाली. कलमातून नेमकं काय उतरतं हे कळायला १९९७ उजाडलं. अमेरिकी कृषी खात्याच्या इंग-मिंग ली आणि सहकाऱ्यांनी शोधलं तेव्हा उत्तर निघालं: रोग.

फायटोप्लाझ्मा. पेशीभित्ती नसलेला, झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहणारा एक जीवाणू. शेतकऱ्याला हे नाव ठाऊक नसेल, पण करणी चांगली ठाऊक आहे. उसातली गवताळ वाढ हा त्याचाच प्रताप. बेट गवतासारखं बारीक फुटत जातं आणि ऊस म्हणून काही हाती लागत नाही. वांग्याचा पर्णगुच्छ, तिळाच्या फुलांची होणारी पानं, तीही यांचीच कामं. एका झाडातून दुसऱ्यात त्याला बहुधा तुडतुडे नेतात. शेंडा बाकीच्या कोंबांना दाबून ठेवतो ती त्याची हुकूमत हा जीवाणू मोडतो, मग जिकडे-तिकडे फुटवे. उसात तो सत्यानाश, पॉइनसेटियात तीच शोभा. रोपं विषाणूमुक्त करण्याच्या खटपटीत काहींनी ती पुरती ‘शुद्ध’ केली, तेव्हा झाडं पुन्हा रानटीसारखी काठीसारखी वाढू लागली. बाजारात मिळणारी जवळजवळ प्रत्येक भरगच्च कुंडी म्हणजे कायमचं आजारी झाड आहे, आणि आपण पैसे देतो ते त्या आजाराचे. मला तरी या झाडाबद्दलची हीच सर्वांत अफाट गोष्ट वाटते.

एवढ्यानेही काम भागत नाही. फुटवे आले तरी झाड उंच जायचं सोडत नाही, म्हणून काचघरात त्याला वाढरोधकं देतात. क्लोरमेक्वाट, पॅक्लोब्युट्राझॉल अशी ती रसायनं. दुसरं नाव कोकणात कुणालाही सांगा, लगेच ‘कल्टार’ म्हणतील. हापूस दरवर्षी मोहरावा म्हणून जे आंब्याच्या बुंध्याशी घालतात तेच. जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती ते रोखतं, पेरं आखूड राहतात, झाड बुटकं आणि दाट दिसतं. तर ‘काहीतरी मारून विकतात’ हा संशय इथे खरा ठरतो. घरी आणल्यावर औषधाचा अंमल उतरतो आणि झाड आपल्या मूळ उंचीकडे धावत सुटतं. त्यात फसवणूक काही नाही, पण बुटकेपणा झाडाचा स्वभाव नाही एवढं विकणाऱ्याने सांगायला हवं.

एक्कींचा मळा २०१२ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकला गेला. आज जगातली बरीच कलमं ग्वाटेमाला, इथिओपिया, युगांडा अशा देशांतल्या मळ्यांत तयार होतात आणि तिथून थंड देशांच्या काचघरांत जातात. वाणांवर पेटंट आणि स्वामित्वशुल्क असतं. ज्या मेक्सिकोच्या डोंगरातून झाड निघालं, तिथल्या रोपवाटिकांनाही परदेशी वाण लावायचा तर शुल्क मोजावं लागतं.

विषाचं राहिलं. पॉइनसेटियाचं पान खाल्लं तर मूल दगावतं, ही समजूत १९१९ मधल्या हवाईतल्या एका बातमीपासून पसरली आणि ती बातमी पुढे निराधार ठरली. १९७१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात उंदरांना भरपूर पाला खाऊ घालून पाहिलं, त्यांना काही झालं नाही. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या २२,७९३ नोंदी १९९६ मध्ये तपासल्या गेल्या, त्यांत एकही मृत्यू नव्हता आणि ९२ टक्क्यांहून अधिक जणांना साधं लक्षणही दिसलं नव्हतं. याचा अर्थ कोशिंबीर करावी असा नाही. चिकाने नाजूक कातडीला खाज सुटते, रबराची अॅलर्जी असलेल्यांनी जास्त जपावं, मांजराने पान चघळलं तर ओकारी होऊ शकते. बदनामी झाली ती बहुधा नातलगांमुळे. शेराचा चीक डोळ्यात गेला तर खरोखरच डोळ्यावर बेततं, आणि घराणं एकच म्हटल्यावर पॉइनसेटियाही त्यात भरडला गेला.

तर नाताळची कुंडी पुढच्या वर्षी लाल करायची कशी? फेब्रुवारी-मार्चमध्ये लाली उतरली की फांद्या वीतभर ठेवून छाटा, हातमोजे घालून. उन्हाळ्यात पाणी बेताचं, सावली दुपारची. पावसाच्या तोंडावर मोठ्या कुंडीत, निचरा होणाऱ्या मातीत हलवा. या झाडाला सर्वांत जास्त मारतं ते कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी. चमकी कागदात गुंडाळून आलेली कुंडी तशीच ठेवली तरी तेच होतं, कागद आधी फाडून टाका. जून ते ऑगस्ट फुटवे चार-पाच पानांचे झाले की शेंडे खुडत राहा, म्हणजे वाढरोधकाशिवायही झाड आटोक्यात राहील. ऑगस्ट संपला की खुडणं बंद, कारण यापुढे त्याच शेंड्यांवर लाली यायची आहे. पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण पानाखाली लपतात, तिकडे नजर असू द्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून रात्र सांभाळा. दिवसा ऊन भरपूर हवं, नुसता अंधार देऊन भागत नाही. संध्याकाळी सहानंतर जिथे एकही दिवा पोचत नाही अशी गच्ची किंवा मागची गॅलरी असेल तर कुंडी तिथे ठेवा आणि विसरून जा. नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ झाडावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला, रोज, पानांना रंग चढून मधल्या गाठी दिसू लागेपर्यंत. साधारण नोव्हेंबरअखेरपर्यंत हे चालवावं लागतं. मध्ये एखादी रात्र चुकली तर सगळं वाया जात नाही, वारंवार चुकली तर जातं.

आणि ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी यातलं काहीच करू नये. कुंडी फोडून झाड जमिनीत, दिव्यापासून लांब, उन्हाच्या जागी लावावं. दोन-तीन वर्षांत ते डोक्याच्या वर जाईल, सुटंसुटं दिसेल, दुकानातल्यासारखं गोलमटोल कधीच होणार नाही. पावसाळ्यानंतर त्याच्यावर आणि खांबावरच्या दिव्यावर तेवढी नजर ठेवावी.